टाक्यात राहिलेली मोहरी

जर्मनीतल्या आमच्या माइशिंगन गावात कुणाला विचारलं, कामाला कुठे, तर माणूस 'डायमलरकडे' म्हणतो, जसं एखाद्यानं 'मामाकडे' म्हणावं. कंपनीचं नाव आजवर इतक्या वेळा जोडलं, तोडलं आणि बदललं, की पाटी रंगवणाराही वैतागला असेल. गाडीच्या नाकावरचा मर्सिडीजचा तारा सगळं जग ओळखतं, पण आमच्या तोंडात कंपनी काढणाऱ्या मूळ म्हाताऱ्याचं नाव बसलं ते बसलंच. शेजारच्या झिंडेलफिंगेनचा कारखाना म्हणजे डायमलर, पगार म्हणजे डायमलर, आणि रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी रोजच्या भाकरीची प्रार्थना सुरू केली की निम्म्या बाकांच्या डोळ्यांपुढे कारखान्याचं फाटक येतं.

गेर्लिंडे शॉयफेले ह्याच भाकरीवर वाढली. तिचे वडील गॉटहिल्फ लढाईहून परतले तेव्हा बाँबनी कारखान्याचा ढिगारा करून टाकला होता. ते फावडं घेऊन गेले आणि इतरांबरोबर विटा उपसायला लागले. इथे पुन्हा गाड्या बनतील का, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आधी जमीन तरी दिसू दे." पुढे जमीन दिसली, छप्पर चढलं, गाड्याही बनल्या, आणि गॉटहिल्फ शेवटपर्यंत तिथेच राबले.

रविवारी जेवताना त्यांची एक आवडती गोष्ट असायची. म्हातारा डायमलर आणि त्याचा जोडीदार कान्श्टाटच्या बागेतल्या काचघरात दार लावून रात्रंदिवस ठोकाठोक करायचे. माळ्याला संशय आला, हे खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांनी काचघर उघडून पाहिलं तर आत हत्यारं आणि एक इंजिन! असं आपलं सांगतात. गॉटहिल्फ ह्यावर बोट उगारून म्हणायचे, "काम असं करावं, पोरी, की पोलिसांनी उघडून पाहिलं तरी आत कामच सापडावं."

आणि एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. लढाईच्या दिवसांत रजेवर आले असताना त्यांनी कारखान्याकडे चाललेली माणसांची रांग पाहिली होती. पोलंडमधून, रशियातून सक्तीनं राबवायला धरून आणलेली, पायात धड जोडे नसलेली. "ताऱ्याला कुणी चांगलं म्हटलं की बरं वाटू दे," ते म्हणाले, "पण ते जोडेही आठवू देत." त्या दिवशी त्यांनी पुढे जेवण केलं नाही. गेर्लिंडेनं दोन्ही लक्षात ठेवलं.

सोळाव्या वर्षी ती सीटची कव्हरं शिवायच्या हॉलमध्ये लागली. तिथे आमच्या श्वाबेन प्रांतातल्या बायका होत्या, ग्रीक होत्या, इटालियन होत्या, आणि यंत्रांच्या खडखडाटात सगळ्या एकमेकींच्या भाषेतल्या शिव्या आधी शिकल्या. गेर्लिंडेचं काम होतं सीटच्या कडेची दुहेरी शिवण. माणूस गाडीत चढता-उतरताना जिथे सगळा भार टाकतो, नेमकी ती. ह्या शिवणीपायी तिला एक खोड जडली. टॅक्सीत बसली की तिचा हात आपोआप सीटच्या कडेला जायचा. एकदा सुट्टीत लिस्बनला गेली असताना एक म्हातारी टॅक्सी मिळाली. छपराचं कापड लोंबत होतं, खिडकीची काच दोरीनं बांधलेली, पण कडेची शिवण जशीच्या तशी. गेर्लिंडेचा जीव सुपाएवढा झाला. तिनं ड्रायव्हरला शिवणीकडे बोट दाखवून, मग स्वतःकडे बोट दाखवून पुष्कळ सांगायचा प्रयत्न केला. त्या बिचाऱ्याला वाटलं, बाईला काहीतरी टोचलं. शेवटी तिनं त्याला बक्षिशी दिली. पै-पै जपणाऱ्या श्वाबेनच्या बाईनं आपणहून बक्षिशी देणं ही बातमीच होती, पण ड्रायव्हरला ते कुठून कळणार!

तिचा नवरा ऑयगन रंगाच्या खात्यात होता. कँटीनमध्ये पहिल्यांदा तिच्यासमोर येऊन बसला आणि बटाट्याच्या सॅलडकडे बघत म्हणाला, "तुझी शिवण सरळ असते म्हणे." एवढंच. गेर्लिंडे घरी गेली आणि आईला म्हणाली, माझं लग्न ठरलंय. आमच्याकडे कौतुक तोंडानं करायची रीतच नाही. बायकोनं सुरेख स्वयंपाक केला तर नवरा ताट पुसून खातो आणि म्हणतो, "चालेल." दोघांनी आयुष्यभर एकमेकांना चालवून घेतलं. ती त्याला आवडायची, तो तिला आवडायचा, आणि हे एकमेकांना सांगायची वेळ कधी आली नाही.

आता गाड्यांचं सांगायला हवं. डायमलरच्या माणसाला कंपनीची नवी गाडी सवलतीत मिळते. ती वर्षभर वापरायची, वर्ष झालं की विकायची आणि पुढची घ्यायची. आमच्या गल्लीत घरोघरी हेच. शॉयफेल्यांकडे अशा तीसेक गाड्या आल्या आणि गेल्या. त्यांनी त्या वापरल्या असं मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्याची लेक आपल्याकडे राहायला यावी आणि तिला ओरखडा न उठता परत पाठवावी, तशा त्यांनी त्या राखल्या. सगळ्या सीटांवर जुन्या चादरी. आत बसण्यापूर्वी जोडे एकमेकांवर आपटायचे. कुत्रं पाळायचं नाही, कारण कुत्रं गाडीत बसायला मागतं. आणि गाडीत खायचं नाही, म्हणजे नाहीच. दर शनिवारी सकाळी आधी जिना झाडायचा, मग पायवाट, मग गाडी आतून. 'सर्वोत्तम, नाहीतर काहीच नको' हे म्हाताऱ्या डायमलरचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य ऑयगननं इंजिनांपेक्षा पायपुसण्यांना जास्त लावलं.

मुलगी अल्मुट लहान असताना तिघं सुट्टीला समुद्राकडे निघाली. वाटेत धो धो पाऊस. ऑयगननं गाडी थांबवली, तिघं खाली उतरली, आणि छत्र्या धरून उभ्याउभ्या भिजके सँडविच खाल्ले. शेजारी गाडी दारं लावून कोरडीठाक उभी होती. अल्मुटनं विचारलं, "बाबा, ही गाडी आपली आहे, की आपण गाडीचे?"

"एप्रिलपर्यंत आपली," ऑयगन म्हणाला. "कडा कुरतडू नकोस, नीट चावून खा."

ह्या राखणीमुळे शॉयफेल्यांच्या गाडीचा लौकिक पार डोंगरापर्यंत गेला होता. ताऱ्यावर जगाचा विश्वास असेल नसेल, 'शॉयफेल्यांची गाडी' म्हटलं की लोक आत डोकवायचेदेखील नाहीत. सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं म्हणजे श्वार्त्सवाल्डच्या डोंगरातलं फाइस्ट जोडपं. लिओनहार्ड फाइस्ट गुरांचा डॉक्टर. अंगानं दांडगा, आवाजही तसाच. त्याची बायको गुडरून शेलाटी, कमी बोलणारी, नजर धारदार. त्यांनी दर काही वर्षांनी येऊन ऑयगनकडून गाडी घेतली. लिओनहार्ड इंजिन बघायचा, आणि गुडरून दर वेळी आत बसून सीटच्या कडेच्या शिवणीवरून सावकाश बोट फिरवायची. गेर्लिंडेला त्याचा मनातून राग यायचा. माझ्या शिवणीत काय शोधतेय ही? पण गुडरूनला कधी काही सापडलं नाही. मग वेणीसारखा वळलेला गोड पाव कापायचा, कॉफी प्यायची, हात मिळवायचे. कित्येक वर्षं झाली तरी 'हेर फाइस्ट' आणि 'फ्राउ शॉयफेले' ह्या अहो-जाहोच्या पुढे गाडी गेली नाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

निवृत्तीनंतरही सवलत होती, तेव्हा रिवाज चालूच राहिला. शेवटची गाडी गडद निळी होती, आतून फिकट राखाडी कापडाची. नाताळच्या आधी ऑयगननं लिओनहार्डला फोन केला. "सध्या निळी आहे. जुलैत वर्ष होतं, मग तुमची. शब्द."

फेब्रुवारीत ऑयगनच्या पोटाचं दुखणं निघालं. मार्चमध्ये श्टुटगार्टच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून, घाई न करता, सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, घरी न्या. घरी त्यांना बरं वाटेल. गेर्लिंडेनं त्या बाईंचे आभार मानले.  खाली आल्यावर, उभं राहायची ताकद नसताना, गाडीचं दार धरून ऑयगननं जोडे एकमेकांवर आपटले आणि मगच आत बसला. त्याला थंडी वाजत होती, म्हणून तिनं सीटवरची चादर काढून त्याच्या गुडघ्यांवर पसरली.

गावाच्या वेशीवर खाटिकाचं दुकान आहे. तिथे आल्यावर ऑयगन म्हणाला, "थांब. लेबरकेझचा पाव आण."

"घरी सूप केलंय."

"सूप घरीच आहे, कुठे पळतंय! पाव आण. आणि मोहरीची चटणी जास्त घालायला सांग."

गरम लेबरकेझ, म्हणजे भाजलेल्या मांसाची जाड चकती, घातलेला पाव तिनं कागदात बांधून आणला आणि घरी न्यायचा म्हणून मागे ठेवायला गेली. त्यानं हात पुढे केला. "इकडे दे."

"इथे? गाडीत?"

"मग कुठे? छत्री घेऊन बाहेर उभा राहू?"

तिनं दिला. इतक्या आठवड्यांत तो असा खाताना तिनं पाहिला नव्हता. चवीनं, डोळे मिटून, गालाला चटणी लावून. तीन घासच गेले, पण ते तीन घास त्यानं मनापासून खाल्ले. मग तो मान वळवून तिच्याकडे बघत म्हणाला, "लिंडले, सुखात ठेवलंस गं मला."

चाळीस वर्षांत त्यानं असलं काही म्हटलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच क्षणी पावातून चटणीचा एक भला मोठा थेंब घरंगळला आणि राखाडी सीटच्या कडेवर पडला.

"अरे चटणी!" गेर्लिंडे ओरडली. "सीटवर चटणी सांडली!"

ऑयगन हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "राहू दे," तो म्हणाला. "एवढ्या गाड्या गेल्या, कुणाला पत्ता तरी लागला का आपण त्यात बसलो होतो? हिच्यात राहू दे."

एप्रिलच्या सुरुवातीला तो गेला, घरी, सकाळी, खिडकी उघडी असताना. गेर्लिंडेला त्याबद्दल कुणाचे आभार मानावेत हे नीट कळलं नाही, म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंचे मानले, नर्सचे मानले, देवाचे मानले. पण गाडीतल्या त्या एका वाक्याला तिनं उत्तर दिलं नव्हतं. घरी आल्यावर त्याला झोपवायची धांदल, मग औषधं, मग माणसं. पुढच्या दिवसांत ते वाक्य पुन्हा काढायचं कसं, हे आमच्याकडच्या माणसाला जमत नाही. ती मनात म्हणत राहिली, उद्या सांगते.

निळी गाडी गॅरेजात उभी राहिली. गेर्लिंडे बाजारहाट सायकलवर करायची. पण अधूनमधून ती गॅरेजात जायची, ऑयगनच्या बाजूचं दार उघडायची आणि बघायची. सीटच्या कडेला, बरोबर दुहेरी शिवणीवर, मोहरीचा पिवळा डाग. तो आहे तोवर ते वाक्यही गाडीत कुठेतरी आहे, आणि आपल्याला उत्तर द्यायला अजून वेळ आहे, असं तिला वाटायचं. हे ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर लोकांनी तिला कॉफी पाजून झोपायला सांगितलं असतं.

जुलै लागला. लिओनहार्डचा फोन आला. "फ्राउ शॉयफेले, घाई अजिबात नाही हं."

"ऑयगननं शब्द दिलाय," ती म्हणाली. "शनिवारी या. दुपारी."

त्याच संध्याकाळी बर्लिनहून अल्मुटचा फोन. "आई, ठेव ना ती गाडी. विकायची काय सक्ती आहे?"

"तुझ्या बाबांनी शब्द दिलाय."

"बाबा आता विचारायला येणार आहेत का?"

"म्हणूनच तर," गेर्लिंडे म्हणाली. "ते असते तर त्यांनी बदलला असता. आता कोण बदलणार?"

असा तो पेच होता. शब्द पाळावा तर डाग जातो, डाग ठेवावा तर शब्द जातो, आणि दोन्ही ऑयगनचेच.

शनिवारी सकाळी तिनं रेडिओ लावला. जिना झाडला. पायवाट झाडली. मग गॅरेज उघडलं, चादरी झटकून घडी घातल्या, व्हॅक्यूम फिरवला, काचा पुसल्या. मन कुठे दुसरीकडेच होतं. फाइस्टना डाग दाखवून काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे ती जुळवत होती. हात आपले काम करत होते. बादली, कोमट पाणी, ब्रश, आणि आमच्या आयाआज्या डागांवर लावत आल्या तो गाईच्या पित्ताचा साबण. 'हेर फाइस्ट, एक सांगायचंय' इथपर्यंत वाक्य जुळलं, आणि तिनं कंबर सरळ करून खाली पाहिलं.

सीट स्वच्छ होती.

ती बघतच राहिली. हातात ब्रश, ब्रशावर पिवळसर फेस. रेडिओवरचा माणूस हवामान सांगत होता. गेर्लिंडे गाडीच्या उंबऱ्यावर मटकन बसली आणि आपल्या हातांकडे बघून म्हणाली, "अगं, काय केलंस हे!" शत्रूनं केलं नसतं ते शनिवारच्या सवयीनं केलं. आयुष्यभर ह्या हातांनी कुणाची तक्रार येऊ दिली नव्हती, आणि आज त्यांनी नवऱ्याची एवढीशी खूण पुसून टाकली. तिला रडूही आलं नाही. बादली ओतली, ब्रश धुतला, आणि वेणीचा पाव भट्टीत घातला, कारण पाहुणे यायचे होते.

दुपारी फाइस्ट जोडपं त्यांच्या जुन्या रुपेरी गाडीतून आलं. तीही शॉयफेल्यांचीच, पण आता ओळख पटायची नाही. बाजूला शिंगांचे ओरखडे, मागे गवताच्या काड्या, आणि आत बेरले नावाचं अस्वलाएवढं कुत्रं. पाऊस भुरभुरत होता. लिओनहार्डनं बेरलेला गाडीतच बसवलं आणि दार लावलं. शॉयफेल्यांच्या अंगणात कुत्रं सोडायचं नाही हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. मग त्यानं गेर्लिंडेचा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते जमलं नाही, म्हणून म्हणाला, "पाव भाजल्याचा वास येतोय."

"येणारच," गेर्लिंडे म्हणाली. "या."

निळी गाडी बाहेर काढलेली होती. लिओनहार्डनं बॉनेट उघडलं आणि न बघताच मिटलं. गुडरून मात्र रिवाजाप्रमाणे आत बसली, ऑयगनच्या जागी, आणि कडेच्या शिवणीवरून बोट फिरवू लागली. फिरवता फिरवता थांबली. खाली वाकली. चष्मा लावला.

"फ्राउ शॉयफेले," ती अवघडून म्हणाली, "मी बोलू नये खरं तर. पण इथे टाक्यात काहीतरी पिवळं आहे."

"काय म्हणालात?"

"दोऱ्यात. वरचं कापड स्वच्छ आहे. पण दोरा पिवळा झालाय. हे बघा, तीन-चार टाके."

"तोंडात काही राहतं का तुझ्या?" लिओनहार्ड बायकोवर डाफरला. "आज हे काढायचं होतं?"

पण गेर्लिंडे त्याला बाजूला सारून पुढे आली होती. ती ओल्या अंगणात गुडघ्यांवर बसली आणि गुडरूनच्या बोटापाशी डोळे नेले. राखाडी कापडावर राखाडी दोरा, आणि मध्येच हळदीसारखे पिवळे चार टाके. दुहेरी शिवण. खाली दोऱ्याला पीळ असतो, त्यात जे मुरतं ते वरून कितीही घासा, निघत नाही. हे तिला पोरवयापासून ठाऊक होतं, आणि सकाळी ह्याच गोष्टीचा तिला विसर पडला होता.

"निघाला नाही," ती म्हणाली. "अहो, निघाला नाही! देवा, तुझे उपकार, निघाला नाही!"

आणि ती रडायला लागली. एप्रिलपासूनचं सगळं तिथे, गाडीचं दार धरून, दोन परक्या माणसांच्या देखत. मग हुंदके आवरत तिनं सगळं सांगितलं. इस्पितळ, पाव, चटणी, ऑयगनचं हसणं, सकाळचा साबण. ते एक वाक्य तेवढं सांगितलं नाही. ते तिचं होतं.

लिओनहार्ड टोपी काढून उभा होता. गुडरून गाडीतून उतरली आणि म्हणाली, "ही गाडी आम्ही घेत नाही."

"नाही नाही," गेर्लिंडेनं डोळे पुसले. "ऑयगननं शब्द दिलाय तुम्हाला."

"आम्हालाच दिला ना? मग तो सोडायचा की धरायचा, हे आम्ही ठरवणार."

"पण आमची गाडी आता फार..." लिओनहार्ड म्हणायला गेला.

"लिओनहार्ड, तोंड मिट. ह्यांना वाल्बुर्गचं सांग."

"तोंड मिटून कसं सांगू?"

पण त्यानं सांगितलं. शॉयफेल्यांकडून घेतलेली ती पहिलीच गाडी. बर्फ पडत होतं, गुडरूनचे दिवस भरले होते, आणि घाटात रस्ता बंद. इस्पितळ खाली खोऱ्यात. "हजार वासरं काढली होती मी," लिओनहार्ड म्हणाला, "पण त्या दिवशी मी असा भांबावलो होतो की हीच मला ओरडून सांगत होती, काय करायचं ते. इंजिन चालू ठेवलं ऊब राहावी म्हणून. सकाळपर्यंत चालू होतं. वाल्बुर्ग, आमची लेक, त्या मागच्या सीटवर जन्मली."

"आता ती स्वतः सुईण आहे," गुडरून म्हणाली.

गेर्लिंडेनं विचारलं, "आणि तुम्ही आजवर बोलला नाहीत?"

"कसं बोलणार?" लिओनहार्ड म्हणाला. "हेर शॉयफेल्यांना कळलं असतं त्या सीटचं काय झालं, तर त्यांनी आम्हाला दुसरी गाडी दिली असती का?"

गेर्लिंडेला रडता रडता हसू फुटलं. आणि तोंडून सवयीनं निघून गेलं, "सीट धुतलीत कशानं?"

"पित्ताच्या साबणानं. कापड लख्ख झालं," गुडरून म्हणाली. "पण टाक्यात राहिलं. मी ती गाडी असेतो त्यावरून बोट फिरवायची. म्हणून तर तुमच्या प्रत्येक गाडीत फिरवते. तुम्हाला वाटत असेल, ही बाई खोट शोधते. मला आपलं वाटतं, बघावं, ह्यांचं इथे काही राहिलंय का. कधीच नसायचं. वाईट वाटायचं मला."

 पाऊस थोडा वाढला. गेर्लिंडेला ती सगळी माणसं आठवली, ज्यांना त्यांनी चकचकीत गाड्या देऊन हात हलवून निरोप दिला होता. आपण त्यात कधी बसलोच नाही, असं तिला अलीकडे वाटायला लागलं होतं. आता तिला वाटलं, बरं झालं बाई, कुणी तरी बसलं. कुणी जन्मलंसुद्धा. छत्रीखाली खाल्लेल्या त्या भिजक्या सँडविचचं सार्थक झालं.

आभाराचा शब्द आमच्याकडे परक्यांना देतात, घरच्यांना नाही. गेर्लिंडेनं तो गुडरूनला दिला, मग लगेच म्हणाली, "आणि मला आता गेर्लिंडे म्हणा. पुरे झालं ते फ्राउ शॉयफेले."

"मग मला गुडरून म्हण."

"मला कुणी विचारेल की नाही?" लिओनहार्ड म्हणाला.

"तू आधी ते कुत्रं घेऊन ये," गेर्लिंडे म्हणाली. "बिचारं भुकेलंय."

लिओनहार्डला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं रुपेरी गाडीचं दार जेमतेम उघडलं, तोच बेरले उडी मारून बाहेर आलं, चिखलातून धावलं आणि निळ्या गाडीचं दार उघडं दिसताच थेट मागच्या सीटवर जाऊन बसलं. ओलं, केसाळ, समाधानी. चादरी गॅरेजात घडी घालून ठेवलेल्या होत्या. लिओनहार्ड जागच्या जागी थिजला. गेर्लिंडेनं बेरलेकडे पाहिलं, चार पंजांच्या चार ठशांकडे पाहिलं.

"बसू दे," ती म्हणाली. "चला, तुम्हीही बसा."

जोडे कुणीच आपटले नाहीत. ती चालवायला बसली, गुडरून आणि लिओनहार्ड मागे बेरलेच्या दोन बाजूंना चेंगरून बसले. पुढची ऑयगनची जागा त्यांनी न सांगता मोकळी ठेवली. गेर्लिंडेनं वेशीवरच्या खाटिकापाशी गाडी थांबवली आणि लेबरकेझचे पाव आणले, चटणी जास्त घालून, एक बेरलेला बिनचटणीचा.

मागून कागदाची चुरचुर ऐकू आली. लिओनहार्ड हनुवटीखाली दोन्ही हातांनी कागद धरून जपून घास घेत होता.

"काढ तो कागद," गेर्लिंडे आरशात बघून म्हणाली. "सांडलं तर सांडलं."

मग तिनं आपला पाव डाव्या हातात घेतला, पण तो हात थोडा थांबला. चटणी टपकायच्या बेतात होती. तिनं वाकून शेजारच्या सीटच्या पलीकडच्या कडेला उजवा हात नेला, ओळखीच्या शिवणीवर बोट ठेवलं, चार टाके चाचपले, आणि मार्चपासून राहून गेलेलं उत्तर मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाईल असं दिलं.

"तूही रे, ऑयगन. तूही मला सुखात ठेवलंस."

 मागे बेरले मचमच करत खात होतं. गेर्लिंडेनं पहिला घास घेतला, आणि काचांवर वाफ धरेपर्यंत ती चौघं तिथेच खात बसली.